पोरले कोठे ठेवू? खान्देशात मूल सांभाळायच्या खर्चाला मदत कुठून, कशी मिळवायची

कापूस वेचणीचा टेम्पो आमच्या फाट्यावर सकाळी सातला येतो. अंगणवाडी उघडते दहाच्या सुमाराला आणि सुटते दुपारी. टेम्पो परत येतो तो दिवे लागल्यावर. मधल्या वेळात मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेचणीला जाणाऱ्या बाईचा आहे. जळगावच्या डाळमिलमधल्या, नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडणाऱ्या आणि भुसावळला रेल्वेत नोकरी करणाऱ्या बाईचाही तोच आहे. अहिराणीत तो तीन शब्दांत मावतो: पोरले कोठे ठेवू?

माझा भाऊ गेला तेव्हा वहिनीचं धाकटं पोरगं दीड वर्षाचं होतं. त्यानंतर तिच्यासोबत तालुक्याला आणि जिल्ह्याला मी इतक्या खेपा मारल्या की कोणत्या टेबलावर काय मिळतं ते पाठ झालं. पहिल्यांदा कळलं ते हे, की 'मूल सांभाळायच्या खर्चाला मदत' अशी पाटी कुठल्याच कचेरीवर नाही. मदत आहे, पण ती महिला व बालविकास, कामगार, शिक्षण आणि आदिवासी विकास अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली आहे आणि एक खातं दुसऱ्याचं नाव सांगत नाही. दुसरं कळायला जास्त वेळ लागला. मागताना आधी जागा मागायची, पैसे नंतर. हातात दीड हजार आले आणि गावात मूल ठेवायला जागाच नसली, तर ते पैसे किराणात जातात आणि मूल शेताच्या बांधावर झोळीतच राहतं.

घरी बसून तासांचा हिशोब

एका कागदावर दिवसाचे तास लिहा. आई घराबाहेर किती वाजता पडते, परत कधी येते, अंगणवाडी किंवा बालवाडी कोणते तास भरून काढते, सासू किंवा शेजारीण कोणते. उरलेले तास हीच तुमची खरी गरज. वहिनीचे सात तास उरत होते, तीन सकाळचे आणि चार दुपारनंतरचे. हा आकडा हाताशी असला की अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेसमोर किंवा ग्रामसभेत 'आमचे हाल होतात' म्हणण्याऐवजी 'आमच्या वस्तीतल्या अकरा मुलांना दुपारी एक ते सहा जागा नाही' असं सांगता येतं. दुसरं वाक्य इतिवृत्तात लिहिलं जातं, पहिलं नाही.

कागद: इथेच निम्म्या बायका अडतात

सगळ्या योजनांना थोड्याफार फरकाने तेच कागद लागतात. मुलाचा जन्मदाखला, आई-बाबांचं आणि मुलाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला (लागू असेल तर), आईचं बँक पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड. विधवा असाल तर पतीचा मृत्यूदाखला. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स एकदम काढून ठेवा.

जन्मदाखल्याची आपल्याकडे एक खास अडचण आहे. नंदुरबार-धुळ्याकडच्या कितीतरी घरांचा एक पाय सुरतेत असतो आणि बाळंतपणही तिकडेच होतं. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, म्हणजे दाखला गुजरातचा मिळणार. तो इथे चालतो. फक्त त्यावरचं आईचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का ते दवाखाना सोडण्याआधी पाहून घ्या. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून फॉर्म परत येतात. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर शुल्क लागत नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, त्यामुळे 'पोरगं लहान आहे, नंतर काढू' म्हणून थांबायचं कारण नाही. पाच वर्षांनंतर मात्र ठसे द्यावे लागतात.

आता बँक. सरकारी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, आणि आधारला एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं, बहुतेक वेळा शेवटी जोडलेलं. वहिनीचे दोन हप्ते आम्ही तीन महिने शोधत होतो. पासबुक भरून आणलं की कोरं. शेवटी कळलं, मोबाइलचं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एक खातं उघडलं होतं आणि पैसे तिथे जाऊन बसले होते. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते मोबाइलवर दिसतं. फॉर्म भरायच्या आधी तेवढं बघा. हवं ते खातं जोडलेलं नसेल तर बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढा. पोस्टमन गावात येतो, हा त्याचा मोठा फायदा.

पहिलं दार: अंगणवाडी

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि आजही गावात सरकारचं सगळ्यात जवळचं दार तेच आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो. तीन ते सहाच्या मुलाला तिथेच गरम शिजवलेलं जेवण आणि शाळापूर्व शिक्षण मिळतं. सगळं मोफत. वजन-उंची आणि लसीकरणही तिथेच होतं. 'आपल्या पोराला तिथलं नको' असं म्हणणारी घरं मला माहीत आहेत. मूल खासगी बालवाडीत घातलं तरी अंगणवाडीत नाव नोंदवून ठेवा, कारण पुढच्या कितीतरी अर्जांची वाट सेविकेच्या हातून जाते.

सेविकेला तीन गोष्टी विचारा. एक, मुलाचं नाव पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या मोबाइल ॲपवर, आधारसह चढलं आहे का. दोन, आपली अंगणवाडी मूल दिवसभर सांभाळायच्या 'पाळणा' योजनेत आहे का, नसेल तर जवळची कोणती आहे. तीन, माझ्या मुलाला किंवा मला आत्ता कोणता अर्ज करता येतो.

आदिवासी भागात आणखी एक हक्क आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून चालू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचं पूर्ण ताट, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना ठरलेल्या दिवशी अंडी किंवा केळी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर इथे, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांत याची चौकशी कराच. केळीच्या मुलखात मुलाला केळं मागून घ्यावं लागतं, याला काय म्हणावं!

मूल तीव्र कुपोषित निघालं तर सेविका गावातल्या बाल विकास केंद्रात किंवा दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवते. आई मजुरी बुडेल म्हणून जायला तयार नसते. तिथे राहणाऱ्या आईला बुडीत मजुरीपोटी ठरावीक रक्कम मिळते. दाखल होतानाच तिची नोंद करायला सांगा.

पाळणा: जागेचा खरा उपाय

जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेची पुनर्रचना करून केंद्राने मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमात 'पाळणा' आणली, १ एप्रिल २०२२ पासून. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसभर सांभाळणं, झोप, खाणं आणि खेळ असा तिचा हेतू आहे. काही ठिकाणी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडून देतात. आई नोकरीला आहे, मजुरीला आहे की घरी आहे, यावर प्रवेश अवलंबून नाही.

खरी अडचण अशी की आपल्या गावात केंद्र असेलच असं नाही. मग मागणी करावी लागते. मी करीन तो क्रम असा. ज्यांना जागा हवी त्या आयांची नावं, मुलांची वयं आणि हवे असलेले तास एका कागदावर, सह्यांनिशी. तो कागद ग्रामसभेत किंवा महिला ग्रामसभेत ठेवून ठराव. ठरावाची प्रत आणि अर्ज तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन. शहरात असाल तर नागरी बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात.

ठराव होतोच आहे तर त्यात आणखी एक ओळ घाला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. सतरंज्या, पाण्याचं पिंप, पंखा, कुंपण यासाठी तो मागता येतो. बऱ्याच गावांत हा पैसा मार्च महिन्यात कशावर तरी घाईने उडतो. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्त अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांत ग्रामसभेच्या कोषात थेट येणारा आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध (कशावर खर्चायचा ते बांधून न दिलेला) निधीही आहे आणि आरोग्य-शिक्षणाच्या कामांसाठी तो ग्रामसभाच ठरवते. म्हणजे तिथे तुमचं बोट वर झालं की ते मोजलं जातं.

केंद्र मंजूर होईस्तोवर काय? आमच्या गल्लीतल्या सहा जणींनी एका मावशीच्या ओट्यावर सोय केली. प्रत्येकीने कामाच्या दिवसाला वीस रुपये आणि मुलाचा डबा. मावशीला रोजचे १२० रुपये मिळाले, घर सोडावं लागलं नाही, आणि वहिनीचे दुपारचे चार तास सुटले. आम्ही दोनच नियम ठेवले. आजारी मूल आणायचं नाही, आणि मूल घ्यायला आई किंवा आधी सांगितलेलंच माणूस येईल.

कामाच्या ठिकाणी

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने त्यात ५० किंवा जास्त माणसं कामावर असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यावं असं घातलं, आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटू द्यावं असंही घातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यातही आकडा ५० चाच आहे. ५० मध्ये पुरुषही मोजतात. 'आमच्याकडे बायका कमी आहेत' हे उत्तर त्यामुळे चालत नाही. एमआयडीसीतल्या दोन-चार लहान कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर काढलं तरी चालतं. एकट्याने बोलण्यापेक्षा पाच-सहा जणींनी लेखी अर्ज द्या. उत्तर आलं नाही तर तोच अर्ज जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात द्या.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा त्या विम्याच्या महामंडळाकडून मिळते, मात्र आधीच्या काळात ठरलेले दिवस ही कपात झालेली लागते. पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

बांधकामावर असाल, आई किंवा बाबा कोणीही, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, ठेकेदाराचा किंवा ग्रामसेवकाचा. नोंदणी जिवंत असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना मदत आहे, नैसर्गिक असेल तर १५ हजार आणि शस्त्रक्रिया झाली तर २० हजार. पुढे पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला अडीच हजार आणि आठवी ते दहावीला पाच हजार, दोन मुलांपर्यंत. गवंड्याच्या हाताखाली पाट्या उचलणाऱ्या कितीतरी बायकांनी नोंदणी केलेली नाही, कारण ठेकेदार दाखला देत नाही. ग्रामसेवकाचा पर्याय आहे हे त्यांना कोणी सांगतच नाही.

रोजगार हमीच्या कामावर पाच वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायची तरतूद २००५ च्या कायद्यात आली. आता नवीन कायद्याचे नियम येत आहेत. तुमच्या कामाला आज कोणता लागू आहे ते ग्रामरोजगार सेवकाकडून समजून घ्या आणि हजेरीपटावर त्या बाईचं नाव मागा.

रोख मदत, थोडक्यात

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत (३,००० आणि २,०००) मिळतात. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. अर्ज आशा किंवा सेविकेकडून भरला जातो. गरोदरपणातच नोंद करा, बाळंतपणानंतरची धावपळ वाचते.

लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींना आहे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं. जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. अर्ज सेविकेकडे. दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंब नियोजनाची अट आहे, तो दाखला जोडायला विसरू नका.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये मुलासाठी म्हणून दिलेले नाहीत. तरी गल्लीतल्या मावशीचा खर्च त्यातून निघतो, हे मी पाहिलं आहे.

एकट्या आईने हे आधी वाचावं

आम्हाला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. वडील गेलेले, आई-बाबांपैकी एक जण सोडून गेलेलं, घटस्फोट झालेला, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात, अनाथ मूल काका-आजीकडे, असे सगळे यात येतात. म्हणजे ही फक्त विधवांची योजना नाही. आमच्या गावात नवऱ्याने टाकलेल्या तिघींना वाटायचं की आपल्याला नाही मिळणार.

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. तिथेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. लागणारे कागद वरचेच, शिवाय मुलाचा शाळेचा दाखला किंवा अंगणवाडीचं पत्र, आणि घरासमोर पालक व मुलांचा एकत्र फोटो. फोटोसाठी स्टुडिओत जाऊ नका, त्यांना तुमचं घर बघायचं असतं. मग घरी चौकशीला माणूस येतो, आणि बालकल्याण समितीसमोर (मुलांच्या काळजीचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) मुलाला घेऊन हजर व्हावं लागतं. समितीच्या नावाने घाबरू नका. वहिनी रात्रभर झोपली नव्हती, पोरगं हिरावतील म्हणून. तिथल्या बाईंनी पोराला बिस्कीट दिलं, चार प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत बाहेर.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशाच मुलांना 'प्रायोजकत्व' नावाने मदत मिळते. तिच्यात रक्कम जास्त आहे, महिन्याला ४,००० रुपये, पण उत्पन्नाची मर्यादा कडक. ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार, शहरात ९६ हजार. एकाच मुलासाठी दोन्ही मिळतील या आशेवर राहू नका. आपल्याला कोणती बसते ते कक्षातच विचारा. जिल्ह्याला जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे.

शाळेत घालायच्या वयाला

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा मोफत आहेत. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग अशा वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने, शाळा घरापासून किती किलोमीटरवर हे गुगलच्या नकाशावरून मोजलं जातं. नकाशावर घराचा ठिपका चुकवू नका, त्यावरून प्रवेश रद्द झालेले मी पाहिले आहेत. फी माफ होते, व्हॅनचं भाडं नाही. शाळा लांबची निवडाल तर वाचलेली फी भाड्यात जाते.

सरकारी नोकरी असेल तर

भुसावळ-वरणगावला रेल्वे आणि आयुध निर्माणीमुळे केंद्राचे कर्मचारी खूप. त्यांना बालशिक्षण भत्ता मिळतो, १ जानेवारी २०२४ पासून मुलामागे महिन्याला २,८१२.५० रुपये, दोन मुलांपर्यंत, आणि तो नर्सरीपासून लागू आहे. महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, एकट्या वडिलांनाही. राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना २०१८ च्या निर्णयाने १८० दिवस मिळतात. खासगी नोकरीत जुन्या करप्रणालीत असाल तर प्ले स्कूल-नर्सरीची शिकवणी फीसुद्धा दीड लाखाच्या वजावटीत धरता येते. पावतीवर शिकवणी फी वेगळी लिहून घ्या.

ऊसतोडीला किंवा सुरतेला जात असाल

निघण्याच्या आठवडाभर आधी सेविकेला सांगा. कुठे जाणार आणि कधी परतणार याची नोंद ट्रॅकरवर करून घ्या, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत मुलाचा आहार आणि लसीकरण सुरू ठेवता येतं. माता-बाल कार्ड सोबत ठेवा, घरच्या पेटीत नको. शाळेतलं मूल असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. तिकडच्या शाळेत बसवायला तेवढं पुरतं.

अडलं तर

'साहेब नाहीत', 'पोर्टल बंद आहे', 'पुढच्या सोमवारी या'. प्रत्येक खेपेला गाडीभाडं आणि एक रोज जातो. म्हणून तोंडी उत्तर घेऊन परतू नका. दोन प्रतींत अर्ज न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्याला उशीर झाला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. बाकी तक्रारींसाठी जिल्ह्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन असतो. तिथे सगळी खाती एका हॉलमध्ये बसलेली असतात, आणि तुमच्या कागदावर कोणाला तरी सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. वहिनीचा चार महिने रखडलेला अर्ज तिथून आठ दिवसांत पुढे सरकला.

एक मात्र आमच्याकडून राहून गेलं. बालसंगोपनाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पैसे यायचे थांबले तेव्हा कळलं. आता वहिनीच्या घरात दिनदर्शिकेवर त्या महिन्याला लाल गोल केलेला असतो, आणि त्याच्या महिनाभर आधी शाळेचा दाखला आणि नवीन उत्पन्नाचा दाखला काढायला ती स्वतःच तालुक्याला जाते. मला आता फोनही करत नाही.